पुण्यात जुनी मर्सिडीज (किंवा तसलीच मोठी सेडान) घ्यायचीय? आधी कागद, मग पत्रा, इंजिन सगळ्यात शेवटी

"सिंगल ओनर, डॉक्टर युज्ड, ऑल ओरिजिनल, फक्त सिरियस बायरनीच फोन करा." खाली १९८४ च्या मर्सिडीजचा फोटो, मागे बंगल्याचं फाटक आणि आंब्याचं झाड. अशी जाहिरात दिसली की माणूस पहिल्यांदा विचारतो, "इंजिन कसंय?" मी या सगळ्यातून गेलोय, बऱ्याच जणांबरोबर गाड्या बघायला पण जातो, आणि माझं मत असं झालंय की इंजिन हा या तिन्हीतला सगळ्यात सोपा प्रश्न आहे. इंजिन पुण्यात दुरुस्त होतं. सडलेला पत्रा होतो, पण खिसा रिकामा करून. आणि कागद बिघडलेले असतील तर काही केसेसमध्ये ते कधीच नीट होत नाहीत, मग गाडी कव्हरखाली उभी राहते आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी परत तीच जाहिरात टाकावी लागते. म्हणून खालचा क्रम मुद्दाम तसा लावलाय.

१. कुठली गाडी, हे आधी ठरवा

"मिळेल ती घेऊ" असं करू नका, कारण प्रत्येक मॉडेलचा खर्च वेगळा.

पुण्यात रहात असाल तर मी सरळ डब्ल्यू १२४ (हे डब्ल्यू नंबर म्हणजे मर्सिडीजचे मॉडेल कोड) कडे बोट दाखवीन. ही आपल्याच गावची गाडी आहे. मर्सिडीजने १९९४ मध्ये इथे कंपनी काढली आणि १९९५ पासून टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) पिंपरीच्या कारखान्यात ई २२० जोडायला लागले, नंतर ई २५० डिझेल पण आली, चाकणचा कारखाना तर पुष्कळ नंतरचा, २००९ चा. त्यामुळे ही गाडी माहीत असलेले मिस्त्री इथे अजून आहेत आणि टायर १९५/६५ आर १५, म्हणजे कुठल्याही दुकानात मिळणारा साइज.

डब्ल्यू १२३ (१९७६ ते ८६) दिसायला सगळ्यात देखणी, असं माझं वैयक्तिक मत. जगात सगळे प्रकार धरून जवळपास २७ लाख बनल्या, म्हणून पार्ट बाहेरून का होईना मिळतात. आपल्याकडे मात्र ती आयात होऊनच आलेली आहे, आणि याचा कागदावर काय परिणाम होतो ते खाली सांगतो. डब्ल्यू १२६ म्हणजे त्या काळातली एस क्लास, तिच्यात व्ही-८ इंजिन असेल तर खर्चाचा आकडा बायकोला सांगायच्या आधी दोनदा मोजा.

जॅग्वार एक्सजे ६ घ्यायची तर वायरिंग समजणारा माणूस आधी शोधा, गाडी नंतर. रोल्स रॉइस सिल्व्हर शॅडो (१९६५ ते ८०) बद्दल लोकांना वाटतं इंजिन महाग असेल, खरी गोम ब्रेकमध्ये आहे, ब्रेक आणि मागचं लेव्हलिंग (गाडीची उंची सारखी ठेवणारी यंत्रणा) फ्रान्सच्या सित्रोएनच्या परवान्यावरच्या हाय प्रेशर हायड्रॉलिक सिस्टिमवर चालतं, तिच्यात दुकानातलं साधं ब्रेक ऑइल ओतून चालत नाही. आणि एक आपल्याकडचाच विसरलेला नमुना, स्टँडर्ड २०००. १९८५ ला मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने रोव्हर एसडी १ ची बॉडी घेतली आणि आत जुन्या व्हॅनगार्ड गाडीचं इंजिन बसवलं, थोड्याच वर्षांत कारभार संपला. दुर्मिळ म्हणाल तर ही खरी दुर्मिळ, पण तिची काच फुटली तर पुढे काय, हा विचार करून घ्या.

२. कागद: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

गाडी बघायला जायच्या आधी व्हॉट्सॲपवर आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. देत नसेल, "या तर खरं, मग बोलू" म्हणत असेल तर जाऊ नका. आता एकेक बघू.

*आरसीवर नाव कोणाचंय आणि तो माणूस हयात आहे का.* पुण्यात प्रभात रोड, बोट क्लब रोड, कॅम्प या भागातल्या जुन्या गाड्या बहुतेक वेळा आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतात. एजंट हळूच सांगतो, "फॉर्मवर सह्या आहेत, काळजी करू नका." म्हणजे वारलेल्या माणसाच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वरच्या (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म) सह्या. असले फॉर्म हातात पण धरू नका, मालक गेल्यानंतरच्या तारखेला त्याची सही म्हणजे सरळसरळ फसवणूक. बरोबर मार्ग असा की आधी वारसाने फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची ना हरकत जोडून गाडी स्वतःच्या नावावर करायची, आणि मग त्याने तुम्हाला विकायची. तीन भावंडं असतील, एक न्यू जर्सीला, एक बोलत नाही, तर हे काम लांबतं. लांबू द्या. टोकनसुद्धा वारसाच्या नावावर आरसी झाल्यावरच द्या.

*कंपनीच्या नावावर आहे का.* ऐंशी-नव्वदच्या काळात या गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर घेत. कंपनी चालू असेल तर बोर्ड रिझोल्यूशन आणि अधिकार दिलेल्या माणसाची सही लागेल. कंपनीच बंद पडलेली असेल तर सही कोण करणार, हे विकणाऱ्याला विचारा आणि उत्तर पटलं नाही तर चहा पिऊन निघा.

*आरसी चालू आहे का.* खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यापुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आपण ज्याला रिपासिंग म्हणतो. त्यासाठी फॉर्म २५ लागतो, गाडी इन्स्पेक्टरला दाखवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. आता आयात गाडीच्या कागदाबद्दल मगाशी म्हटलं तो मुद्दा. ऑगस्ट २०२५ च्या नियमाने २० वर्षांवरच्या गाड्यांची रिपासिंगची फी वाढली, साध्या मोटारीला १०,००० रुपये, पण आयात केलेल्या चारचाकीला ८०,००० रुपये. म्हणजे दिसायला सारख्याच दोन म्हाताऱ्या मर्सिडीज, पण पिंपरीत जोडलेली आणि जर्मनीहून आलेली यांच्यात दर ५ वर्षांनी ७०,००० चा फरक. विकणारा हे सांगत नाही, आणि रिपासिंग संपलेली असेल तर हा खर्च आणि उशिराचा दंड कोण भरणार ते भावाच्या आधी बोलायचं.

*पन्नाशी गाठलेली असेल तर.* २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, त्यानंतर पुन्हा नोंदणीला ५,००० रुपये. आधीचा नंबर असेल तर तोच ठेवता येतो, नवीन घेतला तर त्यात 'व्हीए' अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याला भजी खायला जायचा बेत असेल तर साधं रिपासिंग बरं. बाकी ३५-४० वर्षांच्या गाडीला कोणी "व्हिंटेज पेपर" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर हसा फक्त.

*ऑनलाइन नोंद आहे का.* सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकून बघा. खूप जुन्या आरसी बुकांची नोंद तिथे नसतेच, त्याला बॅकलॉग एन्ट्री करावी लागते आणि त्यासाठी आरटीओचं जुनं रजिस्टर शोधतात. हे काम विकणाऱ्याने करून द्यायचं, तुम्ही गाडी घेतल्यानंतर नाही. त्याच वेळी ई-चलान बाकी आहेत का आणि बँकेचा बोजा आहे का ते पण बघा, कर्ज कधीच फिटलेलं असतं पण आरसीवर एचपी, म्हणजे त्या बोज्याची नोंद, तशीच राहिलेली असते, ती काढायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो.

*भारतात आली कशी.* आयात गाडी असेल तर कस्टम्सचे कागद मागा. बऱ्याच जुन्या आयात गाड्या दूतावासांच्या असायच्या आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या गेल्या, काही परदेशातून परत आलेल्या लोकांनी सामानाबरोबर आणल्या, हे दोन्ही ठीक. पण काही गाड्या कार्नेटवर, म्हणजे थोड्या दिवसांसाठी ड्युटी न भरता आल्या आणि परत गेल्याच नाहीत, आणि पुढे दुसऱ्याच भंगार गाडीचे कागद त्यांना चिकटवले गेले. हे पकडायची एक सोपी युक्ती आहे. मर्सिडीजच्या चॅसिस नंबरातच मॉडेल लिहिलेलं असतं, १२३.१२३ म्हणजे २४० डी, १२३.१३० म्हणजे ३०० डी. आरसीवर ३०० डी, मागच्या डिकीवर ३०० डी आणि चॅसिसवर १२३१२३ सापडलं तर तिथेच थांबा. नंबर ठोकलेल्या जागेच्या आजूबाजूला वेल्डिंग किंवा नवा रंग दिसला तरी थांबा.

*दिल्लीची स्वस्त गाडी.* तिकडे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा, म्हणून गाड्या स्वस्तात निघतात. आधी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत) खरंच मिळतेय का बघा, मग इथला टॅक्स विचारा, आणि हे दोन्ही किमतीत मिळवून परत बघा ती स्वस्त राहते का.

३. बघायला जाताना काय न्यायचं

- चांगली बॅटरी (टॉर्च) आणि छोटा आरसा
- फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक
- खाली झोपायला जुनी चटई, आणि मळले तरी चालतील असे कपडे
- आरसीचा फोटो, चॅसिस आणि इंजिन नंबर ताडून बघायला
- जमलं तर मिस्त्री. त्याची मजुरी आधी ठरवून द्या, फुकट नेलेला मिस्त्री घाई करतो

ओबीडी स्कॅनर घरीच ठेवा, या गाड्यांना तो लावायला जागाच नसते. जायचं ते दिवसा, आणि पावसाळ्यात मिळालं तर फारच छान कारण ओल लपत नाही.

४. पत्रा

चुंबक फडक्यासकट फिरवा, जिथे पकडत नाही तिथे खाली पुट्टी आहे. थोडीफार पुट्टी प्रत्येक जुन्या गाडीत असते, तेवढ्यावरून घाबरू नका, प्रश्न आहे तो कुठे आहे याचा. दरवाज्यावर असेल तर कोणीतरी ठोकलं होतं, एवढंच. जॅक लावायच्या जागांवर, बॅटरीच्या ट्रेखाली, मागच्या काचेच्या रबराखाली, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात असेल तर गाडी आतून सडतेय.

डब्ल्यू १२४ मध्ये एक खास लपवाछपवी आहे. नंतरच्या गाड्यांना खालच्या अर्ध्या भागात रुंद प्लॅस्टिकच्या पट्ट्या आहेत आणि जॅकच्या जागा त्यांच्या मागे. वरून चकचकीत आणि आत हात घातला की पत्र्याचा भुगा, असं चालतं. झाकणं काढून आत बघायची परवानगी मागा.

बंगल्यातल्या झाडाखाली उभ्या गाडीत पानं काचेखालच्या जाळीत जाऊन साचतात, पाण्याची वाट तुंबते आणि पावसाचं पाणी पायाखाली उतरतं. म्हणून मॅट उचला, गालिचा दाबून बघा, वास घ्या. सनरूफ असेल तर त्याच्या नळ्यांची पण तीच कथा. मुंबईहून आलेली गाडी असेल, त्यातून समुद्राजवळची, तर हे सगळं दुप्पट वेळ देऊन बघा.

क्रोम, लाकडी पट्ट्या, दिव्यांच्या काचा, सीटची कव्हरं, आतली बटणं, यातलं काय काय नाहीये त्याची यादी तिथेच करा. इंजिनचं सामान मिळून जातं हो, पण त्याच सालची धड ग्रिल किंवा न तडकलेली लाकडी पट्टी शोधताना कुर्ल्यापर्यंत फेऱ्या होतात आणि शेवटी जर्मनीहून ड्युटी भरूनच मागवावी लागते.

५. इंजिन आणि चक्कर

फोनवर आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर परत कधीतरी या. थंड गाडी कशी उठते त्यात निम्मं कळतं.

डिझेल असेल तर किल्ली अर्धी फिरवून ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबा, मग मारा. सुरुवातीचा थोडा धूर चालतो, निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय. मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सोडवून उलटं नुसतं ठेवून बघा, थरथरत जागेवर राहिलं तर ठीक, उडून पडलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगांचं काम आलं.

नवख्या लोकांना घाबरवणारी एक गंमत: डब्ल्यू १२३ डिझेल किल्ली काढली तरी चालूच राहते. भूत नाही ते. इंजिन बंद करायची यंत्रणा व्हॅक्यूमवर आहे, दरवाज्यांचं सेंट्रल लॉकिंगही त्याच व्हॅक्यूमवर, कुठेतरी रबरी नळी किंवा डायफ्रॅम फाटला की दोन्ही गंडतात. बॉनेटखाली 'स्टॉप' लिहिलेला खटका असतो, तो दाबला की बंद. किरकोळ काम आहे, पण भाव पाडायला उत्तम.

पेट्रोल डब्ल्यू १२४, त्यातून ९३ ते ९५ ची असेल तर इंजिनची वायरिंग नक्की बघा. त्या काळात वापरलेलं वायरीवरचं कव्हर उष्णतेने तडकून गळून पडतं आणि मग गाडी कधी मिस मारते, कधी उठतच नाही, मिस्त्री प्लग बदलत बसतात. व्ही-८ मध्ये टायमिंग चेनचे प्लॅस्टिकचे गाइड कधी बदलले त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेले नाहीत असंच धरा.

चक्कर मारताना दोन गोष्टी करा. एक, कात्रजचा जुना घाट चढून उतरा, गिअर बदलताना ऑटोमॅटिक गाडी हिसका देते का, मोकळी फिरते का, उतारावर ब्रेक एका बाजूला ओढतात का. दोन, येताना स्वारगेटच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून उभे रहा. काटा ८० च्या आसपास असायला हवा, ट्रॅफिकमध्ये थोडा वर जाईल, पण चढतच राहिला तर रेडिएटर किंवा फॅनचा क्लच. एसी "फक्त गॅस भरायचाय" असं सांगतात, डब्ल्यू १२३ सारख्या ऐंशीच्या दशकातल्या गाड्यांत आर १२ गॅस असायचा, तो आता मिळत नाही, सगळी सिस्टिम आर १३४ ए गॅसला बदलावी लागते. स्टिअरिंगमध्ये किंचित ढिलाई डब्ल्यू १२३ ला असतेच, त्यावरून विकणाऱ्याशी वाद घालू नका.

किलोमीटरच्या आकड्याकडे बघूच नका. या गाड्यांचे आकडे मधेच कधीतरी बंद पडलेले असतात.

६. भाव

भाव मी सांगणार नाही, कारण जाहिरातीतले आकडे मागणीचे असतात, विकल्याचे नाहीत. माझा हिशोब एवढाच की गाडीला देणार तेवढीच रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला असेल तरच हात घाला. अर्धवट सोडलेलं रिस्टोरेशन स्वस्त मिळतं आणि सगळ्यात महाग पडतं, खोक्यांत भरलेल्या सामानात काय कमी आहे हे गाडी जोडायला घेतल्यावरच कळतं.

पैसे बँकेतूनच. २ लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, आणि "थोडे कॅश, थोडे चेक" म्हणणाऱ्याला पुढे ट्रान्सफरला बोलावलं की त्याचा फोन लागत नाही.

७. नावावर करणं

लागणारी कागदपत्रं:

- मूळ आरसी
- फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०
- दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८, म्हणजे एनओसी
- चालू इन्शुरन्स आणि पीयूसी
- दोघांचे आधार, पॅन, फोटो, तुमचा पत्त्याचा पुरावा
- चॅसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट
- हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. २०१९ च्या आधीच्या गाड्यांना बसवून घ्यावी लागते, नसेल तर आरटीओतलं काम अडतं

विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि तुम्ही ३० दिवसांत कळवायचं असतं. एमएच १२ चं काम संगम पुलाजवळच्या आरटीओत, एमएच १४ चं पिंपरी चिंचवडला. अर्ज परिवहनच्या साइटवर भरून प्रिंट घेऊन जा, एजंट लावलात तरी अर्ज क्रमांक आणि पावत्या स्वतःकडे ठेवा. ताबा घेताना ५०० च्या स्टॅम्प पेपरवर तारीख आणि वेळ घालून डिलिव्हरी लिहून घ्या, सकाळी कुठे काही घडलं असेल तर ते त्याच्या अंगावर, संध्याकाळचं तुमच्या.

इन्शुरन्सला ५ वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, त्यामुळे गाडीचे फोटो आणि कामाची बिलं जपून ठेवा, नाहीतर ते भंगाराच्या भावाने आकडा टाकतात.

८. घरी आल्यावर

पहिल्या आठवड्यात सगळी ऑइलं, कूलंट, ब्रेक ऑइल, फिल्टर, बेल्ट बदला, आधीच्या मालकाने कालच बदललंय म्हणाला तरी. टायरवरचा चार आकडी कोड बघा, आठवडा आणि वर्ष असतं, नक्षी कितीही नवी दिसली तरी दहा वर्षं जुना टायर काढायचा. पेट्रोल गाडी असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील नवीन टाका, आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. पाइप गळला तर गरम इंजिनवर गळतो, हे लक्षात घ्या.

फिल्टर, बेल्ट, बेअरिंगला आधी नाना पेठ. बेअरिंगवर कोरलेला नंबर सांगा, "मर्सिडीजचं" म्हणू नका, भाव बदलतो. डिझेल गाडीचा इंजिनातला पंप आणि नोझल असे पंप दुरुस्त करणाऱ्याकडे बेंचवर तपासून घ्या. एखादा बुश किंवा पिन मिळतच नसेल तर नमुना घेऊन भोसरीत जा, लेथवर करून देणारे आहेत, फक्त माप घेताना स्वतः उभे रहा.

आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये लावणार असाल तर गाडी आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा, नुसती जागेवर चालू करून बंद करू नका. उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि त्यांना नवी वायरिंग जुन्यापेक्षा जास्त आवडते.